सायरनमागच्या तारा : नगर रस्त्यावरच्या वायरमनांचा अलिखित इतिहास

फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुकला आलेल्या माणसाच्या कानावर दोन आवाज पडतात. एक समाधिस्थळाकडून येणारा जयघोष आणि दुसरा गाड्या लावलेल्या रानातून उठणारा अलार्मचा कल्लोळ. ढोलाचा दणका जवळून गेला की दहा-पाच गाड्या एकदम ओरडू लागतात. मालक दुरूनच रिमोट दाबतो, गाडी गप्प होते, कोणी मान वळवूनही पाहत नाही. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे १६८९ पासून या गावाचे नाव महाराष्ट्राच्या मनात आहे आणि त्या इतिहासावर अधिकारी माणसांनी लिहिले आहे. मी लिहितो आहे तो फार धाकटा इतिहास आहे : त्या ओरडणाऱ्या गाड्यांच्या डॅशबोर्डमागे तारा कोणी जोडल्या, कशा जोडल्या आणि ती विद्या आता कुठे गेली, याचा.

माझी साधने दोन. एक, नगर रस्त्यावर मी स्वतः केलेले सोळा वर्षांचे वायरिंगकाम. दुसरे, पाच वह्या. त्यांतल्या तीन माझ्या वस्तादांच्या, दोन माझ्या. त्यांत गाडीच्या प्रत्येक मॉडेलपुढे तारांचे रंग लिहिलेले आहेत. पानांना ग्रीसचे डाग आहेत आणि तारखा फार थोड्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी काय किंवा डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० काय, सुरुवातीच्या या गाड्यांना चोरापासून राखण म्हणजे दाराची किल्ली. त्यापलीकडची सोय वायरमन करून देई. इग्निशनच्या किल्लीपासून कॉइलकडे जाणारी तार तोडायची आणि मध्ये एक बटण सीटखाली लपवून बसवायचे. त्याला आम्ही चोर स्विच म्हणत असू. बटण बंद असले की स्टार्टर फिरतो, पण ठिणगी पडत नाही. बाजारातून आणलेली वस्तू कंपनीच्या तारांत मिसळण्याचा धडा आमच्याकडच्या पुष्कळ कारागिरांनी या बटणावर गिरवला.

१९९० नंतर चित्र पालटले. कोरेगाव भीमा, सणसवाडी, पुढे रांजणगाव अशी कारखान्यांची रांग लागली, जमिनींना भाव आला आणि घरापुढे बैलगाडीच्या जागी चारचाकी उभी राहू लागली. १९९४ मध्ये टाटा सुमो आली, १९९८ च्या अखेरीस इंडिका. दोन्ही पुण्याच्याच कारखान्यातल्या. याच काळात रिमोटचे अलार्म आले. नाशिकच्या ऑटोकॉपचे नाव तर असे रुळले की डबा कोणत्याही कंपनीचा असो, गिऱ्हाईक विचारी, "ऑटोकॉप बसवून देता का?" डबा, सायरन आणि रिमोट एका खोक्यात येत. बाकी रिले, डायोड, टेप यांसाठी आम्ही पुण्याला नाना पेठ आणि पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने पालथी घालत असू.

२००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने या व्यवहाराला कागदावर जागा दिली. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण गाडीत असेल, तर गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात अडीच टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट मिळू लागली. उपकरण बसवल्याचा दाखला द्यायचा तो ऑटोमोबाईल असोसिएशनने. म्हणजे वस्तू तपासणारी संस्था आहे, दाखला देणारी संस्था आहे, विमा उतरवणारी कंपनी आहे. ज्याने सीटखाली आडवे पडून तोंडात टॉर्च धरून तारा जोडल्या, त्याच्यासाठी मात्र त्या कागदावर रकाना नव्हता. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी नोंद आहे आणि पुढे जे घडले त्याचे मूळही इथेच आहे.

अलार्मची जोडणी समजायला अवघड नाही. लाल तार बॅटरीचा कायमचा पुरवठा आणते, काळी गाडीच्या पत्र्याला म्हणजे अर्थला जाते, एक तार किल्ली फिरली की नाही ते सांगते. दारातला छोटा स्विच दार उघडताच आतला दिवा लावतो, त्याच तारेला कान लावून डबा दार उघडल्याचे ओळखतो. दोन तारा इंडिकेटरला, एक सायरनला. इथपर्यंत माहितीपत्रक सांगे. खरे काम त्यानंतर सुरू होई, कारण गिऱ्हाइकाला अलार्मबरोबर सगळेच हवे असे : रिमोटने चारही दारे बंद व्हावीत, डिकी उघडावी, काचा आपोआप वर जाव्यात, उतरताना पायाशी दिवा लागावा.

इथे अडचण येते ती ताकदीची. अलार्मच्या डब्यातून बाहेर येणारा इशारा दुबळा असतो, जेमतेम पाव ते अर्धा अँपिअर. काचेच्या मोटरला त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. दुबळ्या इशाऱ्याने मोठा प्रवाह सोडायचा असेल तर मध्ये रिले घालावा लागतो. ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास ती दाखवली आणि तारयंत्राने ती जगभर नेली : लांबून थकून आलेला संदेश एक चुंबक हलवतो आणि तो चुंबक ताज्या बॅटरीचा जोर पुढे सोडतो. आमच्या दुकानातल्या रिलेवर जर्मन मानकाप्रमाणे ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असत. वस्तादांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण हे आकडे ते पाढ्यासारखे म्हणत. "पंच्याऐंशी-शहाऐंशी इशारा, तीस बॅटरी, सत्त्याऐंशी काम." रिलेच्या गुंडाळीवर डायोड उलटा लावायचा, नाहीतर रिले सुटताना उसळणारा दाब अलार्मचे डोके जाळतो, हेही त्यांनीच शिकवले. का, ते त्यांना शब्दांत सांगता येत नसे. जळलेला डबा मात्र त्यांनी खिळ्याला टांगून ठेवला होता.

आता माझ्या चुकीबद्दल. ती लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

गाडी पंचक्रोशीतल्याच एका बागायतदाराची होती. अलार्म आधीच बसवलेला होता, मी त्याला काचा वर करणारे मॉड्यूल जोडले. त्याचा पुरवठा बॅटरीपासून वेगळ्या जाड तारेने आणायला हवा होता. घाई होती, म्हणून मी तो अलार्मच्याच लाल तारेवरून घेतला. चार काचा एकदम उठल्या की फ्यूज उडे. गिऱ्हाईक दोनदा परत आले. तिसऱ्यांदा मी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली. फ्यूज उडणे थांबले आणि मला वाटले, काम झाले.

फाल्गुन अमावास्येला ते कुटुंब वढूला आले. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला, म्हणून एक काच थोडी खाली ठेवून त्यांनी सवयीने रिमोट दाबला. दारे बंद झाली, काचा वर निघाल्या. एका दाराच्या सुकलेल्या रबरात काच अडकली, मोटर अडली आणि डॅशबोर्डमागची बारीक तार तापून वितळू लागली. मुलगा धुराने जागा झाला, आतून काचेवर मारू लागला. त्या धक्क्यांनी सायरन सुरू झाला. आजूबाजूला शेकडो माणसे होती. कोणी वळून पाहिले नाही, कारण सकाळपासून प्रत्येक गाडी ओरडतच होती. वडील वीसेक पावलांवर होते. आपल्या सायरनचा सूर ओळखून ते मागे धावले आणि किल्लीने दार उघडले. मुलगा वाचला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. आवाज चढवला नाही. जळालेल्या तारांचा गुच्छ काउंटरवर ठेवला आणि विचारले, "भाऊ, हे तुमचंच काम ना?" मी हो म्हणालो. वस्ताद शेजारीच बसले होते. ते गेल्यावर एवढेच बोलले, "फ्यूज वस्तूसाठी नसतो रे. तारेसाठी असतो."

हे वाक्य कोणत्याही माहितीपत्रकात मला एवढे स्वच्छ सापडले नव्हते. तार जेवढे सोसेल त्याच्या आत फ्यूज असावा, तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला आणि तो उडू लागला तर तार बदलावी, फ्यूज मोठा करू नये. ज्ञान होते, पण ते एका माणसाच्या तोंडात होते आणि मी विचारले नाही म्हणून ते माझ्यापर्यंत पोचले नव्हते. दाखल्याच्या कागदावर रकाना नसण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ज्याच्या नावाची नोंद नाही, त्याची विद्या तपासणारे कोणी नाही आणि त्याची चूक पकडणारेही कोणी नाही.

त्यानंतर मी वही लिहू लागलो. माझ्या दुसऱ्या वहीच्या शेवटी नोंदी तुटक होत जातात. "दाराची तार सापडत नाही." "टेस्ट लॅम्प लावल्यावर मीटरवर खुणा पेटल्या." आज वाचताना कळते की तिथे एक युग संपत होते. बॉशने १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत मांडली आणि १९९१ च्या मर्सिडीजपासून ती गाड्यांत आली. तिच्यात दार, दिवा, कुलूप यांच्या छोट्या संगणकांना एकमेकांत पिळलेल्या दोन तारा पुरतात. त्यांवरून संदेश धावतात आणि ज्याचा त्याने उचलायचा असतो. आपल्याकडे ही पद्धत महागड्या गाड्यांतून हळूहळू साध्या गाड्यांत उतरली. अशा गाडीत तार कापून कुलपाचा इशारा मिळत नाही. तो संदेश वाचणारा डबा लागतो आणि तयार कपलर लागतो. अलार्म आता बहुधा कारखान्यातूनच येतो. बाहेरची तार जोडली तर वॉरंटी जाईल, असे शोरूमवाले बजावतात. त्यात काही चूक आहे असे, माझी कहाणी सांगितल्यावर, मी कोणत्या तोंडाने म्हणू?

तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या तीन दशकांत हजारो गाड्यांच्या मूळ नकाशात या माणसांनी भर घातली आणि बहुतेक जोडण्या आजही शाबूत आहेत. जुनी सुमो उघडली की टेप कोणत्या बाजूने गुंडाळली आहे, सांधा डागला आहे की नुसता पिळला आहे, यावरून कारागीर मला ओळखता येतो. वीरगळाच्या दगडावर पाथरवटाचे नाव नसते, पण त्याचा हात दिसतो, तसेच हे.

वस्ताद गेले. त्यांच्या तीन वह्या रद्दीत निघाल्या होत्या, त्या मी मागून आणल्या. वाचकांपैकी कोणाच्या घरी, गॅरेजच्या फळीवर अशी डागाळलेली वही असेल, तर ती टाकू नका. तारांचे रंग आता कोणाला लागणार नाहीत. पण समासात कुठेतरी, एखाद्या चुकीनंतर, कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलेले असेल.