अंदाजाच्या सूत्राची सत्तरी

द्रव-क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून जाताना मिश्रणातले घटक एकमेकांपासून सुटे होतात, पण प्रत्येक घटकाचा पट्टा वाटेत पसरतही जातो. हा पसारा समजण्यासाठी त्या घटकाचा द्रावकातला विसरण गुणांक लागतो. पुष्कळदा तो मोजलेला नसतोच. १९५५ मध्ये विल्की आणि चँग यांनी दिलेल्या सूत्रातून काढलेला असतो. रासायनिक अभियांत्रिकीसाठी बांधलेले हे सूत्र अजून टिकून आहे, कारण त्याची चूक या कामाला परवडण्याजोगी आहे.

फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला आणि १९०५ मध्ये सदरलँड व आइनस्टाइन यांनी गुणांकाची सांगड तापमान, श्यानता आणि रेणूच्या त्रिज्येशी घातली. मात्र त्यात द्राव्याचा रेणू द्रावकाच्या रेणूंपेक्षा बराच मोठा गोल मानलेला होता. बेंझिनसारख्या छोट्या रेणूला हे गृहीतक लागू पडत नाही. विल्की-चँग यांनी तापमान आणि श्यानता तशीच ठेवली. त्रिज्येच्या हिशेबाने आकारमानाचा घातांक एक-तृतीयांश यायला हवा होता, तिथे प्रयोगांशी जुळणारा ०.६ घेतला. शिवाय द्रावकाचे रेणू एकमेकांना किती धरून राहतात यासाठी एक गुणक जोडला : पाण्याला २.६, मिथेनॉलला १.९, बेंझिनला १.

ही निव्वळ ठिगळे आहेत, असा आक्षेप घेता येतो. पाण्याचा गुणक पुढे २.२६ सुचवला गेला, हे त्याला बळही देते. पण गुणक वर्गमुळात असल्याने त्या दुरुस्तीने उत्तर जेमतेम सात टक्क्यांनी बदलते. व्हॅन डीम्टर यांच्या १९५६ च्या समीकरणानुसार प्रवाहाचा सर्वोत्तम वेग विसरण गुणांकाच्या प्रमाणात असतो, पण त्या वेगाजवळ वेग आणि पसारा यांचा आलेख सपाट असतो. वेग दहा टक्के चुकला, तरी वेगावर अवलंबून असलेला पसारा सुमारे अर्ध्या टक्क्यानेच वाढतो.

मग मोजमाप कशाला, असेही कोणी विचारील. पसाऱ्याची कारणे वेगळी करून त्यांचे आकडे काढायचे असतील, तर गुणांकातली चूक थेट निष्कर्षात उतरते. मिथेनॉल-पाण्याचे मिश्रण तर दोहोंपेक्षा घट्ट असू शकते. तिथे श्यानता मिश्रणाचीच घ्यावी लागते. टेलर यांनी १९५३ मध्ये दाखवलेल्या नळीतल्या पसरणावरून गुणांक मोजता येतो. स्तंभ चालवायला अंदाज पुरे. स्तंभाविषयी सिद्धांत मांडणाऱ्याने मात्र मोजलेलाच आकडा वापरावा.