दंतमूळ व मूळनलिकांच्या रचनेतील विविधता

दंतमूळ व मूळनलिकांच्या रचनेतील विविधता म्हणजे एकाच प्रकारच्या दाताच्या मुळांची संख्या व आकार, तसेच मुळांतील नलिकांची संख्या व मांडणी यांत व्यक्तीगणिक आणि लोकसमूहागणिक आढळणारा फरक होय. दाताचा हिरडीबाहेरील भाग, म्हणजे दंतशीर्ष, तोंड उघडताच दिसतो. मूळ मात्र जबड्याच्या हाडात रुतलेले असते. त्यामुळे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन दाढा आतून अगदी वेगळ्या असू शकतात. मूळनलिका उपचारात, ज्याला व्यवहारात ‘रूट कॅनल’ म्हणतात, या फरकाला विशेष महत्त्व आहे. एखादी नलिका सापडली नाही तर तिच्यातील संसर्ग तसाच राहतो आणि उपचार झालेली दाढ काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा ठणकू लागते किंवा मुळाच्या टोकाशी पू धरते.

== रचना ==
दाताच्या मध्यभागी रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेली मऊ ऊती असते, तिला दंतमज्जा म्हणतात. दंतशीर्षातील तिच्या पोकळीपासून मुळाच्या टोकाकडे जाणारा अरुंद मार्ग म्हणजे मूळनलिका. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत ती सरळ नळीसारखी दाखवलेली असते. प्रत्यक्षात नलिका फाटतात, पुन्हा जुळतात, त्यांना आडव्या जोडण्या असतात आणि टोकाजवळ बारीक उपशाखा फुटतात.

खालच्या जबड्यातील पहिल्या कायमच्या दाढेला सामान्यतः दोन मुळे असतात, एक पुढचे व एक मागचे. पुढच्या मुळात बहुधा दोन नलिका असतात, तर मागच्या मुळात एक किंवा दोन. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे असतात. तिच्या गालाकडील पुढच्या मुळात पुष्कळदा दुसरी नलिका असते. ती इतकी बारीक असते की साध्या डोळ्यांनी तिचे तोंड सहसा दिसत नाही. खालचे पटाशीचे दात एकनलिकी समजले जातात, पण त्यांतही दोन नलिका असणे दुर्मीळ नाही. बेंजामिन व डॉसन यांनी १९७४ साली केलेल्या पाहणीत अशा दातांचे प्रमाण ४१.४ टक्के होते. त्यांपैकी बहुतेकांत दोन्ही नलिका टोकाजवळ एकत्र येत होत्या.

== वर्गीकरण ==
स्वित्झर्लंडमधील वॉल्टर हेस यांनी दातांच्या पोकळीत रबर भरून नलिकांचे साचे काढले. त्यांचे काम १९२५ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आले आणि नलिकांचे जाळे किती गुंतागुंतीचे असते हे त्यातून स्पष्ट झाले. आज सर्वाधिक वापरले जाणारे वर्गीकरण अमेरिकन दंतवैद्य फ्रँक व्हर्टुची यांचे आहे. १९८४ साली त्यांनी २,४०० दातांच्या अभ्यासावरून आठ प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात एकच नलिका टोकापर्यंत जाते. दुसऱ्यात दोन निघून एक होतात, चौथ्यात दोन शेवटपर्यंत वेगळ्या राहतात, पाचव्यात एक निघून तिच्या दोन होतात आणि आठव्यात तीन वेगळ्या नलिका असतात. उरलेले प्रकार फाटणे व जुळणे यांच्या निरनिराळ्या क्रमांचे आहेत. या आठांत न बसणाऱ्या रचना पुढे अनेक देशांतून नोंदल्या गेल्या. त्यामुळे २०१७ मध्ये अहमद व सहकाऱ्यांनी दाताचा क्रमांक, मुळांची संख्या आणि नलिकांचा मार्ग एकाच संकेतात लिहिण्याची पद्धत सुचवली.

== लोकसमूहांतील फरक ==
सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण खालच्या पहिल्या दाढेच्या तिसऱ्या मुळाचे आहे. हे जादा मूळ जिभेच्या बाजूला, मागे असते. त्याचा उल्लेख काराबेली यांनी १८४४ सालीच केला होता. युरोपीय वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण साधारण पाच टक्क्यांहून कमी असते. चीन, तैवान व उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशांतील समूहांत ते २० टक्के किंवा त्याहून अधिक आढळते.

दुसरे उदाहरण खालच्या दुसऱ्या दाढेतील सी-आकाराच्या नलिकेचे. मुळाच्या घडणीत दोन मुळे पूर्ण सुटी न होता एका बाजूने जोडलेली राहिली की वेगवेगळ्या नलिकांऐवजी कमानीसारखी एक सलग फट तयार होते. चीन व कोरियातील पाहण्यांत अशा दाढांचे प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान आले आहे. खालच्या पहिल्या उपदाढेबाबत ट्रोप व सहकाऱ्यांनी १९८६ साली अमेरिकेतील रुग्णांची तुलना केली. एकाहून अधिक नलिका कृष्णवर्णीयांत ३२.८ टक्के, तर गोऱ्यांत १३.७ टक्के दातांत होत्या.

यामागे मुख्यतः आनुवंशिकता आहे, पण तिची संगती लावणे सोपे नाही. तिबेटच्या पठारावरील शियाहे येथे सापडलेल्या, किमान १,६०,००० वर्षे जुन्या डेनिसोव्हन जबड्याच्या दुसऱ्या दाढेला तीन मुळे आहेत. त्यावरून हे लक्षण आशियातील आधुनिक मानवांत डेनिसोव्हनांकडून आले असावे, असे २०१९ साली सुचवण्यात आले. दुसऱ्या दाढेचे जादा मूळ आणि आजच्या लोकांच्या पहिल्या दाढेचे जादा मूळ एकच मानता येत नाही, असा आक्षेप इतर अभ्यासकांनी त्यावर घेतला.

== महाराष्ट्र व विदर्भ ==
विदर्भातील दातांवरील एक महत्त्वाचा अभ्यास नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात झाला व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या पहिल्या कायमच्या १५० दाढा तपासल्या गेल्या. ९४.६ टक्के दाढांना दोन, तर ५.३ टक्के दाढांना तीन मुळे होती. ६४ टक्के दाढांत तीन आणि ३६ टक्के दाढांत चार नलिका आढळल्या. म्हणजे तीन नलिका सापडल्यावर शोध थांबवणारा दंतवैद्य सुमारे दर तिसऱ्या दाढेत एक नलिका मागे सोडील. वर्धा शहरालगतच्या बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे) या परिसरातील रुग्णांसाठी हे जवळच्या प्रदेशातील आकडे ठरतात. सावंगीत शरद पवार दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

तरीही हे आकडे वाचताना सावधगिरी हवी. १५० पैकी ५.३ टक्के म्हणजे केवळ ८ दाढा. एवढ्या नमुन्यावरून खरे प्रमाण अडीच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. काढलेले दात गोळा करताना रुग्णाचे वय, लिंग, गाव यांची नोंद पुष्कळदा हाती राहत नाही. शिवाय काढलेला दात हा कीड किंवा हिरड्यांच्या विकाराने निकामी झालेला असतो, तो सर्व दातांचा प्रतिनिधी असेलच असे नाही. अशा लेखांच्या शीर्षकांतील ‘भारतीय लोकसंख्या’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. चेन्नईतील एका केंद्राचे व नागपुरातील एका महाविद्यालयाचे दात एकाच नावाखाली मोडतात, आणि विदर्भातच गोंड, कोलाम यांसारखे समाज व शेतकरी जाती शेजारी शेजारी राहतात.

प्राचीन दातांचा अभ्यासही महाराष्ट्रात झाला आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन सांगाडे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळाले. त्यांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी केला.

== तपासणीच्या पद्धती ==
काढलेल्या दातांसाठी पारदर्शीकरण ही जुनी व स्वस्त पद्धत आहे. नलिकांत शाई भरून आम्लाने दातातील खनिजे काढतात, अल्कोहोलने पाणी काढून घेतात आणि मिथाइल सॅलिसिलेटमध्ये ठेवतात. दात काचेसारखा होतो व शाईचा मार्ग उघड दिसतो. जिवंत रुग्णात कोन-बीम सीटी वापरतात. तिच्यात दोन्ही बाजूंचे दात, वय व लिंग यांसह नोंदता येतात, पण अतिशय बारीक नलिका निसटू शकतात. सूक्ष्म सीटी सर्वांत अचूक, मात्र ती केवळ काढलेल्या दातांवर चालते. पद्धत बदलली की टक्केवारी बदलते, म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना आधी पद्धत पाहावी लागते. वरच्या दाढेतील दुसऱ्या नलिकेचे नोंदलेले प्रमाण शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाच्या वापरानंतर वाढले. त्या काळात लोकांच्या दाढा बदलल्या नव्हत्या.

== उपचारातील महत्त्व ==
साध्या क्ष-किरण चित्रात जिभेकडील जादा मूळ बहुधा मागच्या मुळाआड लपते. यंत्राची नळी सुमारे २० ते २५ अंश बाजूला सरकवून दुसरे चित्र घेतल्यास दोन्ही मुळांच्या छाया वेगळ्या होतात. सीटी यंत्र नसलेल्या तालुक्याच्या दवाखान्यातही हे करता येते. चौथी नलिका शोधण्यासाठी दाढेत घेतलेले त्रिकोणी छिद्र मागे, जिभेच्या बाजूला वाढवून चौकोनी करतात. वयानुसार आत नवे दंतिन साचत जाऊन नलिका अरुंद होतात, त्यामुळे वृद्ध रुग्णांत त्यांची तोंडे शोधणे अधिक कठीण असते.