जिभाऊ, तू कव्हय उना?

धुळ्याच्या बसस्थानकावर विशीतला पोरगा सत्तरीच्या म्हाताऱ्याला विचारतो, ‘जिभाऊ, तू कव्हय उना?’ पुण्याकडचा पाहुणा सोबत असेल तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. खरं तर पोरानं ‘आपण केव्हा आलात’ एवढंच विचारलं आहे. मान ‘जिभाऊ’मध्ये देऊन झाला, तो क्रियापदालाही द्यावा असं अहिराणीला सहसा वाटत नाही. उलट आप्पा, नाना, तात्या, आबा यातलं काही न लावता वडीलधाऱ्याला नुसत्या नावानं हाक मारा, मग उर्मटपणा म्हणजे काय ते कळेल!

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी. पुढच्याच वर्षी ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा जो भाग निघाला, त्यात खानदेशी भिल्ल भाषांसोबत आली. मराठीचा खंड वेगळा होता, त्यात तिला जागा मिळाली नाही. म्हणजे विद्वान आम्हाला मराठीबाहेर बसवत होते आणि शाळा-कचेरी मराठीतच चालत होती. ‘मले-तुले’ खोडता खोडता शाळेनं आमची रीतही खोडली. भाषेचा फरक हा वळणाचा दोष ठरला.

मी गुरुजींना ‘तू’ म्हणालो आणि छडी खाल्ली. ती विसरलो. विसरलो नाही ते पुढचं. जळगावला कॉलेजात वर्षभर राहून घरी आलो आणि वडिलांना म्हणालो, ‘तुम्ही जेवलात का?’ हातातला घास तसाच ठेवून त्यांनी आईला विचारलं, ‘हाऊ कोनासंगे बोली ऱ्हायना?’ आई हसली. वडील हसले नाहीत. त्यानंतर तेही माझ्याशी जरा जपूनच बोलू लागले, पाहुण्याशी बोलावं तसं.

कामासाठी सुरतेला गेलेली आमच्याकडची माणसं तिथं नावापुढे ‘भाई’, ‘बेन’ लावायला शिकली. तिथं ‘तमे’, घरी ‘तू’. दोन्ही रीती त्यांनी बिनतक्रार सांभाळल्या, कारण एकीसाठी दुसरीची लाज बाळगा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आता पुण्या-मुंबईची मुलं ‘बाबा, तू’ म्हणतात आणि ती जवळीक समजली जाते. माझी मुलगी मला ‘तुम्ही’ म्हणते. ते तिला मीच शिकवलं.