हेर उतरला, पण कुत्रं भुंकलं नाही

विजयदुर्गहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज हप्ते, व्याज, बँकेचे फेरे यातलं काही नाही. आज पुस्तकांबद्दल बोलायचं आहे, आणि पुस्तकंही कुठली, तर गुप्तहेरांची. हसू नका. ऐका आधी.

झालं असं, की गटातल्या एका वयनींच्या घराची कौलं उतरवायची होती. माळा रिकामा करताना सासऱ्यांची पत्र्याची पेटी निघाली. सासरे मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर जे गावी आले ते परत गेले नाहीत. त्यांच्याबरोबर आलेली ती पेटी चाळीस वर्षं कोणी उघडली नव्हती. वर एक चादर, खाली विड्यांचा रिकामा डबा, आणि त्याखाली चाळीसेक पातळ पुस्तकं. कागद पिवळा पडलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. मुखपृष्ठावर पिस्तूल, धूर, आणि हमखास किंचाळणारी एक बाई. काही बाबूराव अर्नाळकरांची होती, बरीचशी गुरुनाथ नाईकांची. वयनी ती पिशवीत भरून बैठकीला घेऊन आल्या, रद्दीत घालायची की काय ते विचारायला. बचतीचे पैसे मोजून होईपर्यंत एकीने सहज एक पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. त्या दिवशी इतिवृत्तावर सह्या व्हायला दिवेलागण झाली.

ही पुस्तकं आली कुठून, ते थोडं सांगतो. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू हे सगळे त्यांचे. हजारावर रहस्यकथा लिहून ते १९९६ साली वारले. त्यांच्या गोष्टी चोर, दरोडेखोर, खून यांच्या. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले, मूळ गोव्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांनी बाराशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांचं नाव आमच्यातल्या तरुण मुलींनी पहिल्यांदा ऐकलं. नाईकांनी गोष्ट गल्लीतून उचलून सरहद्दीवर नेली. त्यांचा कॅप्टन दीप हा लष्करातला हेर. शिवाय मेजर अविनाश भोसले, उदय राजगुरू असे आणखी नायक, आणि प्रत्येकाची वेगळी मालिका. दर महिन्याला नवीन पुस्तकं यायची आणि ज्याला जो नायक आवडे तो त्याची वाट बघत बसे, आता आपण मालिकेच्या पुढच्या भागाची बघतो तशी. ‘दुनियादारी’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल. ती कादंबरी लिहिणाऱ्या सुहास शिरवळकरांनीही बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन असे नायक घेऊन ढीगभर रहस्यकथा लिहिल्या आहेत.

मालिकेचं हे वेड फक्त मराठीतलं नव्हे. इंग्रजीत इयान फ्लेमिंग यांनी १९५३ साली जेम्स बॉण्डचं पहिलं पुस्तक काढलं. ते १९६४ साली गेले, तरी बॉण्ड अजून जिवंत आहे, दुसरे लेखक त्याला लिहितात. उर्दूत इब्ने सफी होते. १९५२ साली अलाहाबादेत त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि त्याच साली ते पाकिस्तानात गेले. तिथून लिहीत राहिले आणि इथले वाचक ती पुस्तकं वाचत राहिले. आमचे हेर ज्या देशात शिरायचे त्याच देशात बसून एक माणूस हेरांच्याच गोष्टी लिहीत होता, आणि त्या दोन्हीकडे वाचल्या जात होत्या, याची आम्हाला फार गंमत वाटली.

आपल्या कोकणात ही पुस्तकं मुख्यतः चाकरमान्यांच्या ट्रंकेतून आली. गणपतीला नाहीतर शिमग्याला माणूस घरी यायचा, खाऊचा पुडा पोरांना, लुगडं बायकोला आणि वाटेत एसटीत वाचलेलं पुस्तक खुंटीवरच्या पिशवीत. तो परत जायचा, पुस्तक मागे राहायचं. पुढचं आम्हाला गटातल्या सगळ्यात मोठ्या काकींनी सांगितलं. त्यांचं माहेर देवगडकडचं. लग्नाआधी त्या वाचनालयातली पुस्तकं भावाच्या नावावर आणायच्या. वहीत सही भावाची, वाचणाऱ्या काकी. पुस्तक लपवायची जागा म्हणजे भाताची कणगी. आई म्हणायची, असली पुस्तकं वाचून पोरगी बिघडेल. काकी म्हणतात, बिघडायला वेळ कुठे होता? पहाटे पाणी, मग चूल, मग मळा. वाचायचं ते रात्री, चिमणीच्या उजेडात, वात बारीक करून.

पुरुषांनी वाचली तर करमणूक आणि बाईने वाचली तर बिघाड, हा हिशोब आमच्या गटात अजून पुरता मिटलेला नाही. त्यावर पुढे भांडण झालंच, ते सांगतो.

आधी मतं सांगतो. आम्ही ठरवलं की प्रत्येकीने एक पुस्तक न्यायचं आणि पुढच्या बैठकीत खरं काय ते सांगायचं, शाळेत सांगतो तसं छान-छान नाही. पहिलं मत एका तरुण सुनेचं. ‘माका तर आवाडला. भात करपलो तरी कळाक नाय.’ असं म्हणणाऱ्या सहा-सात जणी निघाल्या. पुस्तक पळतं, हे त्यांना आवडलं. वाक्यं तोकडी. प्रकरण संपतं ते कोणीतरी दारावर थाप मारतं तिथेच. मग पुढचं पान उलटल्याशिवाय झोप कशी येणार? चौथीत शाळा सुटलेली आमची एक मैत्रीण आहे. कर्जाच्या अर्जावर सही करायलाही ती आधी दोनदा अक्षरं जुळवून बघते. तिने अकरा दिवस लावले, पण पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. आयुष्यात पुरं केलेलं हे तिचं पहिलं पुस्तक. गोष्ट कळली का विचारलं तर म्हणाली, सगळी नाही कळली, पण शेवटी कोण फितूर निघतो ते मी आधीच ओळखलं होतं.

मग मासळी विकणाऱ्या आमच्या वयनी बोलल्या. अशा गोष्टींत हेर मध्यरात्री शत्रूच्या किनाऱ्यावर होडीतून उतरतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. वयनींनी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘ह्यो मध्यान रात्री होडयेतसून उतारता, आनि गावातलो एकव कुत्रो भुकना नाय? असो खयचो गाव?’ आम्ही हसलो, पण त्यांचं चुकलं नव्हतं. किनाऱ्यावर रात्री कोणी नसतं असं लिहिणारा माणूस किनाऱ्यावर राहिलेला नसतो. कोणी जाळी सावरत असतं, कोणी होडी येण्याची वाट बघत बसलेलं असतं. २००८ च्या मुंबईच्या हल्ल्यात अतिरेकी समुद्रातूनच आले, आणि त्यांना उतरताना आधी पाहिलं ते बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीतल्या माणसांनी. त्यानंतर आपल्याकडे खलाशांना ओळखपत्रं आली, ‘सागर कवच’ नावाचे सराव सुरू झाले. अनोळखी बोट दिसली तर कळवा, असं आम्हालाही सांगितलं जातं. वयनींचं म्हणणं, की कादंबरीतला हेर आमच्या धक्क्यावर उतरला असता तर पहाटेपर्यंत साऱ्या वाडीला कळलं असतं.

तिसरं मत मात्र बराच वेळ मनात राहिलं. एका काकीने विचारलं, ‘तेची बायल खय असता? ह्यो म्हयने म्हयने गायब. घरात पैशे कोन धाडता?’ या काकीचा नवरा बोटीवर होता. वर्षातले नऊ-नऊ महिने घराबाहेर. तिला त्या धावत्या गोष्टीतली पिस्तुलं दिसलीच नाहीत, मागे राहिलेलं घर तेवढं दिसलं. गोष्ट इतक्या वेगाने पुढे जाते की घराकडे वळून बघायला तिला फुरसत नाही. एकीला लगेच ‘राझी’ सिनेमा आठवला. २०१८ चा, हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीवरचा. त्यात हेर बाईच आहे, लग्न करून शत्रूच्या घरात गेलेली. तो सिनेमा या पुस्तकांइतका पळत नाही, तरी आमच्यातल्या बायांना आजही त्यातलं घर, सासरा, जाऊ आठवते.

हे बोलणं चाललं होतं तिथून किल्ला दिसतो. हेरगिरीची खरी गोष्ट तिथेच घडलेली आहे. हा किल्ला आधी घेरिया. शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं. पुढे आंग्र्यांचं आरमार इथून समुद्रावर राज्य करू लागलं. इंग्रजांत या किल्ल्याची इतकी दहशत होती की तो घेणं कोणाला जमायचं नाही असं ते धरून चालले होते. मग १७५५ च्या अखेरीस विल्यम जेम्स नावाचा त्यांचा कमोडोर जहाजं घेऊन नुसता बघायला आला. तोच जेम्स, ज्याने त्याच वर्षी सुवर्णदुर्ग घेतला होता. पाण्याची खोली मोजली, तटाकडे नीट पाहिलं आणि परत जाऊन सांगितलं, की किल्ला मोठा आहे, पण ऐकला होता तेवढा अवघड नाही. झालं. पुढच्याच फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन आला, सैन्य घेऊन क्लाइव्ह आला, जमिनीकडून पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्रे बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेले ते अडकलेच. आंग्र्यांची जहाजं जळाली. १३ फेब्रुवारी १७५६ ला किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला म्हणतात. कादंबरी असती तर ती इथेच संपली असती.

पण वॉटसनच्या जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा एक शल्यवैद्य होता. १७७३ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्याने पुढचंही लिहून ठेवलंय. किल्ल्यात तुळाजींची आई, बायका आणि मुलं सापडली. वॉटसन त्यांना भेटायला गेला तेव्हा त्या रडत होत्या. आई म्हणाली, की प्रजेला राजा उरला नाही, मला मुलगा नाही, सुनेला नवरा नाही, पोरांना बाप नाही. वॉटसनने धीर दिला, की त्यांना बापाच्या जागी मी आहे. त्यावर सहा वर्षांच्या पोराने त्याचा हात धरला आणि म्हणाला, मग तूच माझा बाप. अॅडमिरलच्याही डोळ्यांत पाणी आलं असं आइव्ह्ज लिहितो. तुळाजींचं पुढचं सगळं आयुष्य कैदेत गेलं. हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा बोटीवरच्या माणसाची ती काकी काही बोलली नाही. पदराने पुस्तकाची धूळ पुसत बसली.

आता भांडणाचं. पुस्तकं सुटत चालली होती. बांधणी केली नाही तर पुढच्या पावसाळ्यात त्यांची पेज होणार हे दिसत होतं. तालुक्याच्या गावी बांधणावळीचा खर्च विचारला, साडेसहाशे रुपये सांगितले. गटाच्या पैशातून द्यावे असा ठराव आम्ही मांडला. खजिनदार बाईंनी तो तिथेच अडवला. दोघींचे हप्ते थकलेत, आमसुलं अजून विकली गेली नाहीत, आणि तुम्ही पिस्तुलाची पुस्तकं शिवायला पैसे मागता? पुरुषांच्या रिकामटेकड्या वेळची ही पुस्तकं, बचतीच्या पैशाला त्यांचा हात लागता कामा नये. आम्हाला राग आला, खोटं कशाला सांगा. पण त्यांच्या म्हणण्यात वजन होतं. थकलेल्या हप्त्यात कोणाची तरी गरज अडलेली असते. दुसऱ्या बाजूला चौथी शिकलेली ती मैत्रीण गप्प बसली होती, तिने आपलं दुसरं पुस्तक पिशवीत घट्ट धरलेलं. शेवटी असं ठरलं, की गटाचा एक पैसाही घ्यायचा नाही. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी वीस-वीस, तीस-तीस द्यायचे. खजिनदार बाईंनी दिले नाहीत. आम्ही मागितलेही नाहीत.

पेटी आता ग्रामसंघाच्या खोलीत आहे. पुस्तकं बांधून आली, कडा कापून, वर निळा कागद. सोबत शंभर पानांची एक वही ठेवली आहे. पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, परत आणल्याची तारीख आणि नेणारीचं पूर्ण नाव. भावाचं, नवऱ्याचं, मुलाचं चालत नाही. पहिली सही मोठ्या काकींची, थरथरत्या हाताची, पण पुरी. दुसरी चौथीवाल्या मैत्रिणीची. मासळीवाल्या वयनी अजून पुस्तक नेतात आणि प्रत्येक वेळी परत करताना कुत्र्याबद्दल कुरकुरतात. आणि गेल्या महिन्यात, अंधार पडल्यावर, खजिनदार बाई खोलीच्या किल्ल्या द्यायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वहीत बघितलं, तर कॅप्टन दीपचं एक पुस्तक नेलेलं होतं. नाव नीट लिहिलं होतं. परतीच्या तारखेचा रकाना अजून कोरा आहे.