फोर्टातील उमेदवारी आणि उचगावची ओसरी

आमच्या उचगावच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तीत लाल फितीने बांधलेले एक दप्तर असून त्याच्या अगदी तळाशी स्टँप पेपरवरचा एक इंग्रजी करार आहे. साल १९५२. मुंबईच्या फोर्ट विभागातील एक सॉलिसिटर आणि आमच्या वडिलांचे चुलत बंधू यांच्यात तो झाला. गुरूने शिष्याला धंद्याचे शिक्षण द्यावे. शिष्याने गुरूची गुपिते सांभाळावीत, त्याच्या कागदपत्रांना इजा पोहोचवू नये, आणि ठरलेली तीन वर्षे इमानाने सेवा करावी, असा त्याचा आशय. या चुलत्यांना आम्ही तात्या म्हणत असू. ते सॉलिसिटर झाले नाहीत. त्यांनी जी उमेदवारी केली तिचे स्वरूप काय होते, ती कोणाला परवडे, आणि ती अर्धवट राहिल्यावर तिचे काय झाले, हे आपल्या सीमाभागातील जुन्या घराण्यांना सांगावे, असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत होते.

सॉलिसिटर हा शब्द आपल्याकडे ऐकून ठाऊक असला, तरी सॉलिसिटर प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी. त्याचे कारण इतिहासात आहे. मुंबई हायकोर्टाचे कामकाज १८६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. या कोर्टाच्या दोन शाखा होत्या. मुंबई बेटातील मोठे दावे थेट जिथे दाखल होत ती ओरिजिनल साइड, आणि जिल्ह्यांच्या कोर्टांवरील अपिले जिथे चालत ती अपेलेट साइड. बेळगाव जिल्ह्याचा संबंध या दुसऱ्या शाखेशी. तिथे वकील स्वतःच पक्षकाराला भेटे, कागद तयार करी आणि उभा राहून बोलेही. ओरिजिनल साइडवर मात्र इंग्लंडची जुनी विभागणी चालू होती. पक्षकाराने सॉलिसिटरकडे जायचे. सॉलिसिटरने कागद सिद्ध करून बॅरिस्टरला, म्हणजे कौन्सेलला, ब्रीफ द्यायचे. आणि कौन्सेलने कोर्टात बोलायचे. कौन्सेल पक्षकाराला परस्पर भेटत नसे. त्याच्या फीची जबाबदारीही सॉलिसिटरवर असे. ही फी मोहरांत मोजली जाई, आणि मुंबईतील एक मोहोर म्हणजे पंधरा रुपये.

या व्यवस्थेला बळ दिले ते मुंबईच्या व्यापाराने. क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० ची, लिटल आणि कंपनी १८५६ ची. म्हणजे दोन्ही हायकोर्टाहून जुन्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कंपन्या आणि बँका भराभर निघाल्या, आणि युद्ध थांबताच बुडाल्या. त्या बुडितांचे हिशेब निस्तरण्यासाठी १८६५ साली खास कायदा करावा लागला. शेअर बाजारात पुष्कळांची घरे बसली, परंतु सॉलिसिटरांच्या पेढ्यांना अनेक वर्षे पुरेल इतके काम मिळाले. पुढे गिरण्या, जहाजांचे करार, विमा, बँकांची गहाणखते आणि ट्रस्ट ही त्यांची रोजची भाकरी झाली. १८९४ साली सॉलिसिटरांनी आपली संस्था स्थापन केली. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी हे तिचे नाव, आणि सॉलिसिटरची परीक्षा ती आजही घेते.

या पेढीत शिकणाऱ्याला आर्टिकल्ड क्लार्क म्हणत. नाव क्लार्कचे, उद्देश धनी होण्याचा, आणि काम बहुतेक हमालीचे. तात्यांनी वर्णन केलेला दिवस आम्हांला अजून आठवतो. सकाळी पेढीत जायचे आणि आलेल्या टपालावर तारीख घालायची. मग प्रोथोनोटरींच्या कचेरीत दावा किंवा अॅफिडेव्हिट दाखल करायला धावायचे. तिथे पान चुकले, समास कमी सोडला, सही राहिली, तर कागद परत. दुपारी सब-रजिस्ट्रारकडे मिळकतीचा शोध. एका इमारतीच्या खरेदीसाठी तीस-तीस वर्षांची पुस्तके चाळून गहाण, वाटणी, मृत्युपत्र असे एकेक टिपून घ्यायचे. संध्याकाळी कौन्सेलच्या चेंबरमध्ये कॉन्फरन्स. तिथे बोलायचे नाही. मागितला कागद क्षणात हाती द्यायचा. शेवटी टॅक्सिंग मास्टरपुढे मांडायच्या खर्चाच्या बिलासाठी दिवसभरातील प्रत्येक पत्र, प्रत्येक भेट आणि प्रत्येक नक्कल नोंदवून ठेवायची. अशी तीन वर्षे.

ज्याच्याबरोबर करार झालेला, तो सॉलिसिटर फारसा शिकवीत नसे. शिकवी तो मॅनेजिंग क्लार्क. हा गृहस्थ कोणतीही परीक्षा उतरलेला नसे, पण कोणत्या दाव्याचा कोणता कागद कोणत्या कपाटात आहे हे त्याला तोंडपाठ असे. तात्यांच्या पेढीतील मॅनेजिंग क्लार्क कोकणातले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तात्यांना एक जुने खरेदीखत वाचायला दिले आणि विचारले, “यात काय लिहिलेलं नाही ते सांगा.” तात्यांनी दोन दिवस डोके खाजवले. विहिरीच्या पाण्यातील हिश्शाचा उल्लेख नव्हता! कागदात काय आहे ते कोणीही वाचतो. काय नाही ते वाचायला शिकणे हीच उमेदवारी, असे तात्या म्हणत.

ही परंपरा इंग्लंडातून आली आणि तिथेही तिचे रूप फार निराळे नव्हते. चार्ल्स डिकन्स १८२७ साली, पंधराव्या वर्षी, लंडनच्या एका अॅटर्नीच्या पेढीत कारकून होता. तो करारबद्ध उमेदवार नव्हे, साधा पोरगेला कारकून. पण तेथील धूळ, फिती आणि वर्षानुवर्षे कुजणारे दावे त्याच्या कादंबऱ्यांतून जगभर पोहोचले. इंग्लंडात आता उमेदवाराला दोन वर्षांचा अनुभव घ्यावा लागतो आणि २०२१ पासून परीक्षेची पद्धतही बदलली आहे. मुंबईत मात्र तीन वर्षांची रीत टिकून आहे.

मराठी माणसाला हे दार बंद होते असे नाही. मुंबईतील पाठारे प्रभू आणि सारस्वत घराण्यांतून सॉलिसिटर झाले. सर्वांत ठळक उदाहरण बाळ गंगाधर खेर यांचे. १८८८ साली रत्नागिरीस जन्मलेले, बेताच्या परिस्थितीतून शिकलेले खेर १९१८ साली सॉलिसिटर झाले, आणि मणिलाल खेर ही पेढी त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३७ ते १९३९ आणि पुन्हा १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई प्रांताचे, पुढे राज्याचे, मुख्य मंत्री होते. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. १९५२ साली ते पायउतार झाले आणि लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणून गेले. त्याच वर्षी आमचे तात्या फोर्टात दाखल झाले. खेरांसारखा रत्नागिरीचा मुलगा जिथे पोहोचला, तिथे उचगावचा का पोहोचणार नाही, असे आमच्या आजोबांच्या पिढीला वाटले असल्यास नवल नाही.

पण वाटणे आणि परवडणे यांत अंतर असते. उमेदवाराने पगाराची अपेक्षा धरायची रीत नव्हती. ज्याचे घर मुंबईत, ज्याचा मामा किंवा सासरा पेढीत, त्याला तीन वर्षे बिनपगारी काढता येत. गावाकडच्या मुलाला खोली, खाणावळ आणि कोर्टात शोभेल असा काळा कोट हे सर्व घरच्या पैशांवर. तात्यांनी बेळगावच्या लॉ कॉलेजातून पदवी घेतली होती. कर्नाटक लॉ सोसायटीने १९३९ साली काढलेल्या या कॉलेजामुळे कायद्याच्या पदवीसाठी तरी घर सोडावे लागले नाही. मुंबईसाठी मात्र मळ्याकडची दोन एकर भातजमीन गहाण पडली. ते गहाणखत तात्यांच्या वडिलांनी न वाचता अंगठा उठवून दिले होते. तात्यांनी ते वाचले ते पुढे दोन वर्षांनी, सुटीत घरी आल्यावर. आणि तेव्हा त्यांना त्यात काय लिहिलेले नाही तेही दिसले. कर्ज फिटल्यावर जमीन कधी व कशी परत करायची, याचा त्यात शब्द नव्हता.

१९५५ मध्ये कराराची तीन वर्षे पुरी झाली. परीक्षा उरली होती. त्या वर्षीच्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. तात्यांची पेढी तिथून हाकेच्या अंतरावर. दारे बंद करून सर्वजण आत बसून होते, एवढेच ते सांगत. त्यापुढे बोलत नसत. जानेवारी १९५६ मध्ये इकडे बेळगाव आणि निपाणीतही माणसे पडली. त्याच महिन्यात तात्यांचे वडील अंथरुणाला खिळल्याची तार गेली. तात्या आले. शेत, आजारपण, गहाण आणि दोन धाकट्या बहिणी. उन्हाळा गेला, पेरणी झाली, सुगी आली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आपले हायकोर्ट मुंबईचे होते ते बंगळूरचे झाले. तिथे सॉलिसिटर नावाचा वर्गच नव्हता. परीक्षा देऊन मुंबईतच राहावे, तर घर उघडे पडणार. घरी राहावे, तर त्या परीक्षेला किंमत नाही. तात्या घरी राहिले.

त्यांना याची हळहळ वाटत होती का? आम्ही एकदा धीर करून विचारले होते. ते सुपारी कातरत होते. “वाटते की,” एवढेच म्हणाले आणि पुढचे खांड घेतले.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. १९७४ साली कर्नाटकाचा सुधारित जमीन सुधारणा कायदा लागू झाला. कसणाऱ्या कुळाने नमुना सात भरून न्यायमंडळाकडे हक्क मागायचा होता. मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. या न्यायमंडळापुढे त्या काळी वकिलांना उभे राहू देत नसत. म्हणजे कुळाच्या वतीने बोलायचे ते त्याच्या कागदाने. फॉर्म कानडीत, कुळे मराठी, आणि बहुतेकांपाशी खंडाची पावतीसुद्धा नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो. संध्याकाळी ओसरीवर कंदील लागे, माणसे पायरीवर बसत, आणि तात्या एकेकाला प्रश्न विचारीत. किती वर्षे कसतोस? खंड धान्यात की रोकडीत? कोणाच्या देखत दिलास? पूर्वेला कोणाचे शेत? बांधावर कोणते झाड? आम्ही उत्तरे वहीत लिहून घेत असू. मग तात्या शेजारच्या कानडी मास्तरांकडून मजकूर लिहवून घेत, कुळाला त्याचा मराठीत अर्थ सांगत, आणि तीन प्रती करायला लावीत. दाखल केल्याची पोच घेतल्याखेरीज कोणी घरी परतायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. प्रोथोनोटरींच्या कचेरीतला तो धाक उचगावच्या ओसरीवर असा कामाला आला.

त्या कुळांत आमच्या स्वतःच्या घरची दोन कुळेही होती. तात्यांनी त्यांचेही अर्ज भरले. घरात चार दिवस बोलणी बंद होती. “मी यांचा कागद लिहायला बसलो तेव्हा मी आपल्या घरचा नव्हतो,” असे ते आमच्या वडिलांना म्हणाले. पक्षकाराचे हित आणि लिहिणाऱ्याचे हित वेगळे ठेवणे हा सॉलिसिटरी धर्माचा गाभा. तो त्यांनी परीक्षा न देताच पाळला, आणि त्याची किंमत घराने मोजली. त्या जमिनी गेल्या. आज मागे वळून पाहता त्या जायलाच हव्या होत्या, असे आम्हांस वाटते. तेव्हा तसे वाटत नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.

पुढे आम्ही स्वतः राज्य सरकारच्या नोकरीत शिरलो आणि मेजाच्या पलीकडे बसलो. तिथे रोज दिसे की खरा हक्क असलेला माणूस एका तारखेसाठी, एका चुकलेल्या चतुःसीमेसाठी हात हलवीत परत जातो. काही अर्ज आमच्याच सहीने फेटाळले गेले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. तरी अशा प्रत्येक वेळी ओसरीवरचा कंदील आठवे.

मुंबईतील सॉलिसिटर आणि कौन्सेल यांची कायद्याने केलेली फाळणी १ जानेवारी १९७७ पासून संपली. पेढ्या आणि परीक्षा मात्र राहिल्या. आता बेळगावची मुलेमुली बंगळूर-मुंबईच्या मोठ्या पेढ्यांत पगारी उमेदवारी करतात, आणि मळा गहाण टाकावा लागत नाही, ही आनंदाची गोष्ट. आपल्या सीमेचा दावा तर महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात नेला आहे. उचगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने तुरमुरी आणि बाची ओलांडली की शिनोळी लागते. तो चंदगड तालुका. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातलाच. शिनोळीच्या शेतकऱ्याचे अपील ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालते, तर आमचे धारवाडला. बांधाला बांध लागून असलेल्या शेतांची ही दोन कोर्टे.

तात्यांचे दप्तर आम्ही यंदा उन्हात काढले. खालच्या बाजूला वाळवीने तोंड घातले होते. नमुना सातच्या पुष्कळ पोचपावत्या अजून वाचता येतात. ज्यांच्या त्या आहेत त्यांच्या नातवंडांना त्या नेऊन देण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. आपणांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी दप्तरे असतील, त्यांनी ती एकदा खाली काढावीत, आणि त्यांत काय लिहिलेले आहे ते वाचून झाल्यावर काय लिहिलेले नाही तेही पाहावे.