वाद्यवृंद संयोजन (चित्रपटसंगीत)

वाद्यवृंद संयोजन म्हणजे एखादी चाल कोणकोणत्या वाद्यांनी, कोणत्या सप्तकात, केव्हा आणि किती जोराने वाजवावी हे ठरवून तिचे स्वरलेखन करण्याची कला होय. हे काम करणाऱ्यास संगीत संयोजक किंवा अरेंजर असे म्हणतात. संगीतकार चाल देतो, तर संयोजक तिला वाद्यांचे शरीर देतो. काही संगीतकार ही दोन्ही कामे स्वतःच करतात. प्रस्तुत लेखात या कलेच्या एका विशिष्ट उपयोगाचा, म्हणजे चित्रपटांच्या ट्रेलरमध्ये, शीर्षकसंगीतात आणि भव्य प्रसंगांत ऐकू येणाऱ्या विशाल नादाच्या रचनेचा, विचार केला आहे.

असा नाद निर्माण करण्यासाठी वाद्यांची संख्या वाढवणे पुरेसे असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नादाची भव्यता ही मुख्यत्वे मांडणीवर अवलंबून असते. मोजकेच स्वर-पदर, त्यांची सप्तकांमध्ये विभागणी, एकसुरी वादन आणि शांततेशी साधलेला विरोध ही तिची प्रमुख साधने होत.

ध्वनिशास्त्रीय आधार

समान जोराने वाजणाऱ्या वादकांची संख्या दुप्पट केली, तर ध्वनीची पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. मानवी कानाला मात्र एखादा आवाज 'दुप्पट मोठा' वाटण्यासाठी साधारणतः १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजेच दहा व्हायोलिनवादकांचा आवाज दुप्पट भासावा यासाठी सुमारे शंभर वादक बसवावे लागतील. कोणत्याही निर्मात्याला हा मार्ग परवडणारा नाही. म्हणून संयोजक जोर वाढवण्यापेक्षा नादाचा विस्तार वाढवतो.

तंतुवाद्यांचे सर्वांत खालचे स्वर पाहिल्यास हा विस्तार कसा उपलब्ध होतो ते लक्षात येते.

• डबल बास : सुमारे ४१ हर्ट्झ
• चेलो : सुमारे ६५ हर्ट्झ
• व्हायोला : सुमारे १३१ हर्ट्झ
• व्हायोलिन : सुमारे १९६ हर्ट्झ

चारही वाद्ये एकाच सप्तकात वाजली तर ती एकमेकांना झाकोळतात. तीच वाद्ये दोन-तीन सप्तकांत पसरली की प्रत्येकाला स्वतःची जागा मिळते आणि तेवढ्याच वादकांचा नाद मोठा वाटतो. खर्जातील स्वर एकमेकांच्या फार जवळ ठेवले तर त्यांचा गोंगाट होतो. म्हणून खाली सप्तक किंवा षड्ज-पंचम यांसारखी रुंद अंतरे आणि वर जवळची अंतरे ठेवण्याचा प्रघात आहे. एका स्वरातून निसर्गतः निर्माण होणाऱ्या स्वयंभू स्वरांची मांडणीही अशीच, खाली विरळ व वर दाट, असते.

प्रमुख तंत्रे

सप्तक-दुहेरीकरण : एकच चाल मंद्र, मध्य आणि तार सप्तकांत एकाच वेळी वाजवणे हे सर्वांत साधे आणि परिणामकारक तंत्र होय. यात नवा स्वर येत नाही, केवळ त्याच स्वराची उंची वाढते.

एकसुरी वादन : अनेक वादक एकच स्वर वाजवतात तेव्हा त्यांच्या सुरात व आघातात सूक्ष्म फरक राहतात. त्या फरकांमुळे नाद जाड आणि रुंद होतो. एकच व्हायोलिन यंत्राने मोठे केले तरी ही रुंदी येत नाही, कारण तेथे हे फरकच नसतात.

चार पदरांचा नियम : ऐकणाऱ्याचे लक्ष एका वेळी मोजक्याच गोष्टींवर टिकते. म्हणून भव्य संयोजनातही चाल, तिला छेद देणारी दीर्घ स्वरांची उपचाल, लयीचा सातत्याने फिरणारा आकृतिबंध आणि खर्ज असे चारच पदर पुरेसे मानले जातात. पन्नास वादक असले तरी ते या चारांतच विभागले जातात.

लयीची विभागणी : मोठ्या चर्मवाद्यांचा नाद दीर्घकाळ घुमतो, त्यामुळे त्यांना मोजके आघात देतात. जलद बोल लहान वाद्यांकडे सोपवतात. मोठ्या ड्रमवर जलद बोल वाजवल्यास एक आघात दुसऱ्यात मिसळतो आणि ठेका अस्पष्ट होतो.

विरोध आणि शांतता : भव्यता ही सापेक्ष असते. उत्कर्षबिंदूच्या आधी वाद्ये कमी करणे, खर्ज काही काळ पूर्णपणे काढून घेणे किंवा एक मात्रा निःशब्द ठेवणे यामुळे नंतरचा नाद प्रत्यक्षाहून मोठा भासतो.

एक उदाहरण

आठ आवर्तनांची एक साधी चाल चार वेळा वाजवायची आहे असे मानू. पहिल्या वेळी ती केवळ चेलो मध्यम जोराने वाजवतात आणि खर्ज नसतो. दुसऱ्या वेळी व्हायोला जलद लयीचा आकृतिबंध धरतात आणि डबल बास षड्ज लावून ठेवतात. तिसऱ्या वेळी चाल व्हायोलिनांकडे दोन सप्तकांत जाते, तर फ्रेंच हॉर्न दीर्घ स्वरांची उपचाल वाजवतात. या फेरीच्या शेवटी खर्ज व ताल थांबतात आणि एक मात्रा रिकामी जाते. चौथ्या वेळी चाल व्हायोलिनांबरोबर ट्रम्पेट आणि समूहस्वर घेतात, ट्रॉम्बोन खर्जाला जोड देतात आणि मोठे ड्रम प्रत्येक समेवर आघात करतात. चौथ्या फेरीतही पदर चारच असतात, वाढतात ते प्रत्येक पदरातील रंग आणि सप्तके.

ही पद्धत नवी नाही. फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेल यांच्या 'बोलेरो' (१९२८) या रचनेत तालाचा एकच ठेका आणि चालीचे तेच दोन भाग पुनःपुन्हा येतात. बदलत जातात ती केवळ वाद्ये आणि त्यांची बेरीज.

ट्रेलर संगीत

चित्रपटाचा ट्रेलर साधारणतः दोन ते अडीच मिनिटांचा असतो. तेवढ्या अवधीत परिचय, संघर्ष आणि उत्कर्ष असे तीन टप्पे गाठायचे असल्याने त्याचे संगीतही वर दिलेल्या उदाहरणाप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी चढते. पुष्कळदा ट्रेलर तयार होतो तेव्हा चित्रपटाचे पार्श्वसंगीत पूर्ण झालेले नसते. त्यामुळे केवळ ट्रेलरसाठी संगीत पुरवणाऱ्या संस्था अमेरिकेत उदयास आल्या. थॉमस बर्गरसन आणि निक फिनिक्स यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली 'टू स्टेप्स फ्रॉम हेल' ही त्यांपैकी एक प्रसिद्ध संस्था होय. समूहस्वर आणि तालाच्या आघाती योजनेसाठी कार्ल ऑर्फ यांच्या 'कार्मिना बुराना' (१९३७) या रचनेचा प्रभाव या प्रकारावर स्पष्ट दिसतो.

मुंबईतील संयोजकांची परंपरा

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंद संयोजनाचा पाया मोठ्या प्रमाणात गोमंतकीय वादकांनी घातला. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळत असे. त्यामुळे गोव्याचे वादक कागदावरून वाचून वाजवू शकत. संगीतकाराने पेटीवर गायलेली चाल ऐकून ती लिहून काढणे आणि प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद तयार करणे हे काम त्यांच्याकडे आले.

मजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे या परंपरेतील अग्रणी होत. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागसंगीत आणि सिम्फनी यांचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद उभारला. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्या वाद्यवृंदासह गायले. 'लक्ष्मीकांत-प्यारेलाल' या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गाण्यात आलेले अँथनी गोन्साल्विस हे नाव म्हणजे शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना होय. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी केलेल्या संयोजनात गायकाच्या चालीमागे तंतुवाद्यांची स्वतंत्र उपचाल वाहत राहते. हे त्यांचे वैशिष्ट्य मानले जाते.

त्या काळी गायक आणि सर्व वादक एकाच वेळी एकाच दालनात वाजवीत व त्याचे ध्वनिमुद्रण होई. नंतर एखादे वाद्य मोठे-लहान करण्याची सोय जवळजवळ नव्हती. त्यामुळे तोल साधायचा तो कागदावर आणि वादकांना मायक्रोफोनपासून योग्य अंतरावर बसवून. साध्या, स्वच्छ मांडणीची सवय या मर्यादेतूनच रुजली.

मराठीत अनिल मोहिले आणि श्यामराव कांबळे हे नामवंत संयोजक होऊन गेले. अनिल मोहिले यांनी अरुण पौडवाल यांच्यासमवेत 'अनिल-अरुण' या नावाने संगीतदिग्दर्शनही केले.

संयोजकांच्या श्रेयाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. ध्वनिमुद्रिकांवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापली जात, तर संयोजकाचा उल्लेख पडद्यावर बहुधा 'सहायक' म्हणून होई किंवा होतच नसे. वादकांची नावे तर क्वचितच नोंदली गेली. परिणामी अनेक लोकप्रिय गाण्यांतील वाद्यसंगीत नेमके कोणाचे हे आज सांगता येत नाही. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखतींवर आधारित 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात हा इतिहास नोंदवला आहे.

ढोल-ताशा : देशी प्रतिरूप

महाराष्ट्रातील ढोल-ताशा पथक हे भव्य नादाच्या मांडणीचे देशी उदाहरण ठरते. ढोलाच्या एका बाजूवर टिपरूने आणि दुसऱ्या बाजूवर हाताने आघात करतात. पथकातील सर्व ढोल एकच ठेका वाजवतात, म्हणजे येथे एकसुरी वादनाचे तत्त्व आहे. ढोलाचे आघात मोजके आणि खालच्या नादाचे असतात. ताशा दोन बारीक काड्यांनी, वरच्या नादात आणि जलद वाजवला जातो. झांजा सर्वांत वरचा, चकाकणारा पदर पुरवतात. ढोल, ताशा आणि झांज एकमेकांची जागा घेत नाहीत, म्हणूनच गर्दीच्या रस्त्यावरही प्रत्येक बोल ओळखू येतो. पथकाने हात थांबवावेत, एकट्या ताशाने बोल धरावा आणि मग सर्व ढोल एकदम पडावेत, ही योजना ट्रेलर संगीतातील उत्कर्षाहून तत्त्वतः वेगळी नाही.

अजय-अतुल आणि 'सैराट'

मराठी चित्रपटसंगीतात भव्य वाद्यवृंदाला लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय मुख्यत्वे अजय-अतुल (गोगावले बंधू) यांना दिले जाते. 'विश्वविनायक' (२००१) या गणेशभक्तिपर ध्वनिमुद्रिकेत संस्कृत रचना, समूहस्वर आणि वाद्यवृंद यांचा मेळ आढळतो. 'जोगवा' या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीतदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'अग्निपथ' (२०१२) या हिंदी चित्रपटातील 'देवा श्री गणेशा' या गीतात ढोल-ताशाच्या अंगाने जाणारा ताल आणि समूहस्वर आहेत.

नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' (२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित) या चित्रपटाच्या गाण्यांतील सिम्फनीचा भाग अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित करण्यात आला. तेथे ध्वनिमुद्रण करणारा हा पहिला भारतीय चित्रपट असल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेल्या ग्रामीण प्रेमकथेला हॉलिवूडचा वाद्यवृंद लाभणे हे तेव्हा चर्चेचा विषय ठरले. 'याड लागलं' या गाण्यात तंतुवाद्यांचा विस्तार आहे, तर 'झिंगाट' मुख्यतः तालावर उभे आहे. भव्य वाद्यवृंद सर्वत्र न वापरता निवडक ठिकाणी योजल्याने त्याचा परिणाम टिकून राहतो.

रागाधारित चालींचा प्रश्न

पाश्चात्त्य संयोजनात नाद भरण्यासाठी तीन किंवा अधिक स्वरांचे कॉर्ड वापरतात. रागाधारित चालीला ते सरसकट लावल्यास रागाबाहेरचे स्वर येतात. उदाहरणार्थ, भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. पंचमावरील सामान्य कॉर्डमध्ये निषाद येतो, तर मध्यमावरील कॉर्डचा आधारस्वरच वर्ज्य मध्यम असतो. अशा वेळी सप्तक-दुहेरीकरण, षड्ज-पंचमाचा आधार आणि केवळ रागातील स्वरांची उपचाल ही साधी तंत्रे अधिक सुरक्षित ठरतात, कारण त्यांनी नाद वाढतो पण रागाची ओळख पुसली जात नाही. मींड आणि गमक मात्र मोठ्या समूहाला एकसारखे वाजवणे कठीण असल्याने तो भाग एकल वाद्याकडे किंवा गायकाकडे ठेवतात.

संगणकयुगातील संयोजन

१९८० आणि १९९० च्या दशकांत बहुपथ ध्वनिमुद्रण आणि सिंथेसायझर यांचा प्रसार झाला. एकेक वादक स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होऊ लागला आणि मुंबईतील मोठ्या वाद्यवृंदांचे काम झपाट्याने घटले. पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन वाजवणाऱ्या कुटुंबांच्या उपजीविकेवर त्याचा थेट परिणाम झाला. आज प्रत्यक्ष वादनाचे नमुने साठवलेल्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने घरच्या संगणकावरही वाद्यवृंदाचा आभास निर्माण करता येतो. दुसरीकडे मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, २००६ मध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा व्यावसायिक वाद्यवृंद स्थापन केला.

संगणकावर पदरांची संख्या अमर्याद असल्याने नवशिक्यांचा कल थरावर थर चढवण्याकडे असतो. त्यातून नाद मोठा न होता गढूळ होतो. असे झाल्यास प्रत्येक पदर आळीपाळीने बंद करून पाहावा आणि ज्याच्या जाण्याने फरक पडत नाही तो काढून टाकावा, ही उपयुक्त कसोटी होय. संगणकावरील वाद्यवृंदात एक-दोन खऱ्या वादकांचे वादन मिसळल्यास सुरातील नैसर्गिक फरक परत येतात आणि संपूर्ण समूह जिवंत वाटतो.

टीका

भव्य वाद्यवृंदाच्या अतिवापरावर आक्षेपही घेतले जातात. बहुतेक ट्रेलर एकाच साच्यातील चढत्या संगीताने बांधलेले असतात आणि त्यामुळे चित्रपटाचे वेगळेपण झाकले जाते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. ध्वनीची पातळी सतत कमाल मर्यादेवर ठेवल्याने लहान-मोठ्यातील अंतर नाहीसे होते आणि काहीच मोठे वाटत नाही, हा दुसरा आक्षेप आहे. मराठी भावगीताच्या परंपरेत शब्दांना प्राधान्य असल्याने वाद्यवृंदाने गायकाच्या उच्चारांवर मात करू नये, असाही दृष्टिकोन आहे. त्यावर गायनाच्या वेळी वाद्ये विरळ ठेवून दोन कडव्यांमधील म्युझिक पीसमध्ये त्यांना मोकळीक देण्याचा उपाय मराठी संयोजकांनी पूर्वापार वापरला आहे.