दिपोटीपासून केंद्रप्रमुखापर्यंत

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले, शाळा तपासण्यासाठी डेप्युटी इन्स्पेक्टर नेमले गेले, आणि ग्रामीण बोलीत ‘दिपोटी’ झालेला हा अधिकारी शेरेबुकात, म्हणजे भेटीचा अभिप्राय नोंदवण्याच्या वहीत, जे लिहीत असे त्यावर मास्तरांची पत ठरू लागली. शिक्षकाला घडवण्याचे काम ट्रेनिंग कॉलेजचे आणि त्याला जोखण्याचे काम दिपोटीचे, अशी ही वाटणी होती. नोकरीत आलेल्या शिक्षकाला वर्गात येणाऱ्या अडचणी कोणी सोडवायच्या, याचे उत्तर तीत नव्हते. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि दिपोटीच्या जागी विस्तार अधिकारी आला, तरी शेरेबुक तेच राहिले.

कोठारी आयोगाने (1964–66) शाळा संकुलाची, म्हणजे माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा जोडून शिक्षकांनी एकमेकांना साहाय्य करण्याची, कल्पना मांडली होती. तिचे काहीसे बदललेले रूप महाराष्ट्रात 1994 मध्ये अवतरले. साधारणपणे दहा शाळांमागे एक केंद्र ठरवून राज्यात 4860 केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली, आणि याच सुमारास औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी या जिल्ह्यांत सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने गटसाधन केंद्रे आणि समूह साधन केंद्रे यांची जोड दिली. केंद्रप्रमुखाने शाळांना भेटी द्याव्यात, नमुना पाठ घ्यावेत आणि केंद्रातील शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेत अडचणींची चर्चा घडवावी, अशी अपेक्षा होती. या मार्गदर्शकांचे स्वतःचे प्रशिक्षण मात्र उतरंडीने होत गेले; राज्यपातळीवर तयार झालेल्या साधनव्यक्ती, म्हणजे इतरांना शिकवण्यासाठी निवडलेले शिक्षक, जिल्ह्यात, तेथून गटात आणि गटातून केंद्रात आशय पोचवीत, आणि प्रत्येक पायरीवर तो विरळ होत जाई. नवे पाठ्यपुस्तक, नवी मूल्यमापन पद्धती यांची माहिती अशा रीतीने खाली पोचू शकते. पण दुसऱ्याचा पाठ कसा पाहावा, तो पाहून काय विचारावे आणि कोणते बोलणे गिळावे, हे कसब उतरंडीने उतरत नाही, ते वर्गातच कमवावे लागते. त्यातच माहितीचे तक्ते, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि वरिष्ठांचे निरोप केंद्रप्रमुखाच्याच माथी आले.

याला अपवाद घडले, आणि ते बहुधा आदेशाबाहेर घडले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचे क्षेत्र) शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः हाताळून ज्ञान उभारण्याच्या, अध्यापनाचे प्रयोग विस्तार अधिकाऱ्याच्या साथीने केले, आणि 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातील शिक्षक ते वर्ग पाहण्यासाठी तेथे गेले. तेथे तपासणारा आणि साथ देणारा एकच अधिकारी होता, हे विसरता येत नाही. म्हणजे दोष पदात नसून त्या पदाकडून मागितल्या जाणाऱ्या हिशेबात आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलाची शिफारस कोठारी आयोगाचा उल्लेख करूनच पुन्हा केली आहे; हिशेबाचा हा प्रश्न तिच्यापुढेही आहे.